राज्यसभेतल्या जागांचं गणित आणि मराठवाडा

मित्रहो, 1952 साली पहिली राज्यसभा भरली तेव्हा हैदराबाद राज्याच्या, म्हणजे तेव्हा त्यात असलेल्या आपल्या मराठवाड्याच्याही, वाट्याला 11 जागा होत्या. सूत्र असं: पहिल्या 50 लाखांपर्यंत दर 10 लाखांना एक जागा, पुढे दर 20 लाखांना एक, आणि शेवटी 10 लाखांहून जास्त माणसं उरली तर त्यांचीही एक. 1941 च्या जनगणनेत हैदराबादची लोकसंख्या 1 कोटी 63 लाख होती. पहिल्या 50 लाखांच्या 5 जागा. राहिलेल्या 1 कोटी 13 लाखांत 20 लाखांचे पाच गट बसतात, त्यांच्या 5. वर 13 लाख उरतात, त्यांची 1.

या सूत्रात मोठी राज्यं दबतात, पण पूर्ण नाही. आज उत्तर प्रदेशाला 31, महाराष्ट्राला 19 आणि गोव्याला 1 जागा आहे. अमेरिकेनं लहानमोठं न बघता प्रत्येक राज्याला सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, दोन जागा दिल्या. 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना ठरत असताना व्हर्जिनियाला लोकसंख्येवर जागा हव्या होत्या, तर न्यू जर्सीला राज्यागणिक समान मत. 16 जुलैला खालच्या सभागृहात लोकसंख्येवर आणि सिनेटमध्ये समान जागा, ही तडजोड 5 राज्यं विरुद्ध 4 अशी जेमतेम निभावली. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींची मतं आपसातच फुटली होती. तिथं राज्यं आधीची, संघराज्य नंतरचं. म्हणून लहान राज्यांना अडून बसता आलं.

आपल्या घटना समितीतही समान जागांची मागणी झाली. ती मान्य झाली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. कारण अनुच्छेद 3. त्यानुसार संसद साध्या बहुमतानं राज्याच्या सीमा बदलू शकते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. 1956 मध्ये हैदराबाद राज्य असंच विसर्जित झालं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. जिथं राज्यं अशी घडतात नि मोडतात, तिथं प्रत्येकाला सारख्या जागा दिल्या तर केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांना राज्यं फोडून वरच्या सभागृहातलं बळ वाढवता येईल.

आपल्याकडे राज्य फुटलं तर आहेत त्याच जागा वाटल्या जातात. 2014 मध्ये आंध्रच्या 18 जागांपैकी 11 तिथं राहिल्या, 7 तेलंगणाला गेल्या. वेगळ्या मराठवाड्याची मागणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 2011 च्या 1 कोटी 87 लाख लोकसंख्येला मूळ सूत्र लावलं तर 12 जागा येतात. पण महाराष्ट्राच्या 19 जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या, तर हाती 3 पडतील.

आता, आहे त्या महाराष्ट्रात मराठवाड्याची राज्यसभेत हक्काची जागा किती? एकही नाही. घटनेला राज्य दिसतं, विभाग दिसत नाही. खासदार आमदारांच्या पसंतीक्रमानुसार मतदानानं निवडले जातात. समजा, 6 जागा आहेत आणि सर्व 288 आमदारांनी मतदान केलं. जिंकायला किती मतं लागतात ते असं काढतात: प्रत्येक मताचं मूल्य 100 धरायचं, 28800 ला जागांहून एक जास्त, म्हणजे 7 नं भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि 1 मिळवायचा. येतात 4115, म्हणजे पहिल्या पसंतीची 42 मतं. मराठवाड्याचे आमदार 46 आहेत. पक्ष विसरून सगळे एकत्र आले तर एक खासदार त्यांच्याच बळावर निवडून येतो. तसं होत नाही, कारण 2003 च्या कायदादुरुस्तीपासून हे मतदान खुलं आहे: आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. त्याच दुरुस्तीनं उमेदवार त्या राज्यातला मतदार असण्याची अटही काढून टाकली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बदल वैध ठरवले. मला विचाराल तर ती अट परत आणण्याची मागणी मराठवाड्यानं सर्वांत आधी करायला हवी.