कोंबडीला रात्र पाहिजे

नमस्कार इंदूरकर मंडळी, आणि खास करून तुम्ही सगळे, ज्यांनी महू, सांवेर, देपालपूरकडे शेड टाकलेत किंवा घरामागे दोन-चार कडकनाथ पाळलेत. आज कोंबडीच्या मेलाटोनिनबद्दल बोलायचंय. कडकनाथचा काळा रंग मेलॅनिनचा, ते प्रकरण वेगळं, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

मेलाटोनिन म्हणजे रात्रीचं हार्मोन, आपल्यातही मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत बनतं. पण आपल्याकडे उजेडाची खबर डोळ्यांतून, मेंदूच्या वाटेनं तिथं पोचते, आणि कोंबडीची ही ग्रंथी कवटीच्या अगदी खालीच असते, पिसं आणि पातळ हाड पार करून जेवढा उजेड आत झिरपतो तो तिला स्वतःलाच कळतो. त्यासाठीचं प्रोटीन, पिनॉप्सिन, जपानी शास्त्रज्ञांनी 1994 मध्ये शोधलं. आणि ह्या ग्रंथीच्या पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेतल्या काचेच्या डिशमध्ये अंधारात ठेवल्या ना, तरी काही दिवस त्या रात्रीच्या वेळेला मेलाटोनिन जास्त बनवतात, दिवसाच्या वेळेला कमी! मला तर हे कमालीचं वाटतं.

आता जीनचा भाग. सेरोटोनिनपासून मेलाटोनिन दोन टप्प्यांत बनतं, त्यातला पहिला टप्पा करणारं एन्झाइम एएएनएटी, सगळी मदार त्याच्यावर. क्लॉक आणि बीमॅल1 ही प्रोटीनं जोडीनं त्याच्या जीनवर बसून ते चालू करतात, मग पेर आणि क्राय नावाची प्रोटीनं येऊन ह्या जोडीलाच अडवतात, अशी एक फेरी साधारण 24 तासांची. म्हणून भरदुपारी ताडपत्री लावून अंधार केला तरी मेलाटोनिन रात्रीइतकं वाढत नाही, एन्झाइमची तयारीच झालेली नसते.

उलट मात्र लगेच होतं बरं का. अंधारात पेशीत सीएएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारा एक छोटा रेणू, वाढलेलं असतं, त्यामुळे एन्झाइमवर फॉस्फेट चढतो आणि ते टिकून राहतं, पण रात्री एक वाजता कुणी ट्यूबलाइट लावली की सीएएमपी उतरतं, फॉस्फेट जातो आणि पेशी ते एन्झाइम तोडून टाकते, काही मिनिटांचं काम, जीन चालू असलं तरी.

सराफ्याच्या खाऊगल्लीत आपण रात्री दोनला खात बसतो, आपल्या हौसेची गोष्ट, कोंबडीला कोण विचारतं? तर लेयरला अंड्यांसाठी 16 तास लाइट देता ते ठीक, पण उरलेले 8 तास सलग आणि खरा अंधार द्या, टायमर लावून टाका म्हणजे वेळ रोज तीच राहील. अगदी लहान पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना दाणापाणी सापडायला सुरुवातीचे काही दिवस जास्त उजेड लागतोच. आणि रोडचा लाइट जाळीतून आत येत असेल तर त्या बाजूला पडदा टाका, हवा खेळती राहील एवढी जागा सोडून.