काढा याला, नाहीतर राहू द्या

(टेस्ट मॅच, स्टँडचा वाइड शॉट, पहिला सेशन)

स्टँड अजून अर्धा रिकामाच आहे, बॉलची लाली पण गेलेली नाही, आणि या रांगेतल्या काकांनी तिसऱ्या ओव्हरलाच बॅट्समनचा निकाल देऊन टाकलाय. पाय हलत नाहीत याचे, संपला हा. शेजारच्या पोराने लगेच मोबाईल काढला. तो म्हणतो, काका दोन इनिंग फेल गेला म्हणून काय लगेच काढायचं का. बॅट्समनचं नाव आम्ही मुद्दामच सांगत नाहीये, कळलं की तुम्ही पण लगेच एक बाजू धरून बसाल.

आता जरा नीट बघा हे दोघं भांडतात कसे. बॉलर रनअपला निघाला की वाक्य जिथे असेल तिथे थांबतं, काकांचा हात हवेत तसाच राहतो, बॉल कीपरकडे गेला की हात खाली आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू. दिवसाला 90 ओव्हर म्हणजे 540 बॉल, तेवढ्या वेळा हे भांडण थांबणार आणि तेवढ्या वेळा परत सुरू होणार. टी-ट्वेंटीत एवढी सवडच नाही हो, तिथे फॉर्मवर चर्चा होईपर्यंत माणूस डगआऊटमध्ये जाऊन पॅड काढत असतो.

(साइडने घेतलेला शॉट)

आणि एक गंमत सांगतो, एडिटिंग करताना आमच्या लक्षात आली. काका बसलेत खेळपट्टीच्या बाजूला, स्क्वेअरला. तिथून लेंथ, म्हणजे बॉलचा टप्पा कुठे पडला ते दिसतं, पाय किती पुढे आला ते दिसतं, पण बॉल ऑफ स्टंपच्या, म्हणजे बॅट्समनच्या पायांपासून लांबच्या दांडीच्या, किती बाहेर होता हे कोणाच्या बापाला दिसत नाही. ते दिसतं साइटस्क्रीनच्या अंगाला, बॉलरच्या पाठीमागे बसलेल्यांना. म्हणून या स्टँडमध्ये ओरडा असतो 'पाय काढ पुढे' आणि त्या स्टँडमध्ये 'सोड ना तो बॉल'. बॅट्समन तोच, बॉल तोच. फॉर्मवरची अर्धी भांडणं ही सीट नंबरची भांडणं असतात असं आमचं स्पष्ट मत झालंय.

(क्लोजअप, बॅट्समनने बॉल सोडला)

हा शॉट आम्ही तीन वेळा दाखवणार आहोत. हा शॉटच नाहीये खरं तर, बॉल सोडलाय त्याने. डोकं बॉलच्या लाइनमध्ये, हात वर, नजर शेवटपर्यंत बॉलवर. स्कोअरकार्डात याचा शून्य पडतो, पण ज्याला ऑफ स्टंप कुठे आहे हे कळतंय तो फॉर्मातच आहे, रन आज ना उद्या येतील. पोरगा आकडे बघतोय, काका पाय बघतायत, हा सोडलेला बॉल दोघांनीही पाहिला नाही.

सिडनी, जानेवारी 2004. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या त्या सिरीजमध्ये सचिनच्या पाच इनिंग होत्या 0, 1, 37, 0 आणि 44, आणि कव्हर ड्राइव्हच्या, म्हणजे ऑफच्या बाहेरचा बॉल समोर मारायच्या नादात जातोय ही ओरड सगळीकडे. सचिनने काय केलं, तर कव्हर ड्राइव्ह खेळायचंच बंद केलं. बॉलर ऑफच्या बाहेर टाकत राहिले, तो सोडत राहिला, पायावर आला की मारला. 436 बॉल, नाबाद 241. त्या इनिंगचे हायलाइट्स सगळे दाखवतात, सोडलेल्या बॉलचे कोणी दाखवत नाही.

मग विषय कोहलीवर येणारच, आला पण. 2014 ला इंग्लंडमध्ये 10 इनिंगमध्ये 134 रन, त्यांच्या स्विंग बॉलर अँडरसनने चार वेळा घेतला. 2018 ला तोच कोहली, तोच अँडरसन, आणि सिरीजमध्ये 593. यावेळी तो क्रीजच्या, म्हणजे बॅट्समनच्या रेषेच्या, बाहेर उभा राहायला लागला, म्हणजे बॉल जास्त स्विंग व्हायच्या आधीच गाठायचा, हे पोराला पाठ आहे आणि ते बरोबरच आहे. पण एजबॅस्टनला 149 काढले त्या इनिंगमध्ये 21 वर स्लिपमध्ये इंग्लंडच्या मलानने कॅच सोडला होता, हे काका काढतात आणि पोरगा गप्प. तो कॅच बसला असता तर? आज त्याच टेक्निकला आपण नावं ठेवत असतो, दुसरं काही नाही.

पुजाराचं तर विचारूच नका. जानेवारी 2021, सिडनीला 176 बॉलमध्ये 50, तेव्हा किती शिव्या खाल्ल्या, याच्यामुळे बाकीच्यांवर प्रेशर येतं वगैरे. पुढच्याच टेस्टला ब्रिस्बेनच्या गॅबावर 211 बॉलमध्ये 56, अंगावर, हेल्मेटवर बॉल झेलत, आणि मॅच जिंकल्यावर तेच लोक, अगदी तेच, भिंत भिंत करत होते. खेळ तोच होता की राव.

(स्लिपमध्ये कॅच, सगळा स्टँड उभा)

गेला. 41 वर.

काकांचा चेहरा बघा. पोराचा बघा. आम्ही काही बोलत नाही.

आता बिग स्क्रीनवर रिप्ले. काका आधीच बोलून बसलेत की बाहेरचा छेडला, नेहमीचंच. रिप्लेत दिसतंय की बॉल ऑफ स्टंपवर पडून सरळ निघालाय, सोडला असता तर दांडी गुल होती. खेळावाच लागणार होता. पोरगा काकांकडे बघतो. काका दोन सेकंद शांत, आणि मग, "ते ठीक आहे रे, पण पाय?"

सिलेक्शनचं म्हणाल तर ते सिलेक्टर बघतील. करुण नायरने 2016 ला चेन्नईत नाबाद 303 काढले, पुढच्या टेस्टला बाहेर, नंतर थोडे चान्स, आणि मग परत टेस्ट खेळायला 2025 उजाडलं. बस.

पुढचा बॅट्समन आलाय. क्रीजच्या बाहेर गार्ड घेतोय. सकाळपासून पहिल्यांदाच काका आणि पोरगा एका गोष्टीवर सहमत आहेत, हा एलबीडब्ल्यूच होणार म्हणे.