जिरलेला आवाज, उलटलेला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारे करडे ठिपके म्हणजे परत आलेला आवाज. आपल्या कानाची मजल सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंत. पोट तपासताना वापरतात तो आवाज साधारण 20 लाख ते 50 लाख कंपनांचा. तो शरीरात शिरला की दोन गोष्टी होतात. तो वाटेत जिरत जातो, आणि जिथे एक ऊती संपून दुसरी सुरू होते तिथे त्यातला थोडा भाग उलट फिरतो. जिरणं आणि उलटणं, एवढं ध्यानात ठेवा.

जिरण्याचं प्रमाण ऐकलंत तर नवल वाटेल. 50 लाख कंपनांचा, म्हणजे 5 मेगाहर्ट्झचा आवाज मऊ ऊतींतून जाताना दर सव्वा सेंटीमीटरला जवळपास निम्मा होतो. 10 सेंटीमीटर खोल जाऊन परत यायचं, तर एकूण प्रवास 20 सेंटीमीटरचा. एवढ्यात त्याची तीव्रता लाखातला एक भाग उरते. कंपनं वाढवली तर चित्र रेखीव येतं, पण आवाज आणखी लवकर जिरतो. शेजारच्या मांडवातल्या गाण्याचे शब्द भिंतीपलीकडे पोचत नाहीत, ढोलाचा ठोका मात्र पोचतो, तसंच हे. म्हणून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त कंपनांनी तपासतात आणि खोलवरचं यकृत कमी कंपनांनी.

आता मला फार आवडणारी एक हकीकत सांगतो.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत इयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगांचे प्राध्यापक होते. महायुद्धात ते हवाई दलात होते, तिथे रडार आणि सोनारची, म्हणजे पाण्याखालच्या वस्तू प्रतिध्वनीने शोधणाऱ्या यंत्राची, ओळख झालेली. ग्लासगो तेव्हा जहाजांचं आणि बॉयलरचं गाव. पोलादात आत कुठे भेग आहे का, हे कारखान्यांत ध्वनिलहरी सोडून पाहत असत. डोनाल्डना वाटलं, पोलादातली भेग कळते, तर पोटातली गाठ का कळू नये? त्यांच्या एका रुग्ण बाईंचे पती रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कंपनीत संचालक होते. तिथून आमंत्रण आलं.

तारीख 21 जुलै 1955. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत भरून डोनाल्ड कारखान्यात दाखल झाले. गर्भाशयातल्या घट्ट गाठी होत्या, बीजांडकोशातल्या पाण्याने भरलेल्या गाठीही होत्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पोलाद तपासायच्या यंत्राचं टोक एकेका गाठीला लावलं गेलं. पडद्यावर उमटलेल्या रेषा टिपायला कॅमेरा नव्हता, म्हणून कारखान्यातल्या चित्रकाराने त्या हाताने काढून घेतल्या.

आणि काय दिसलं? पाण्याच्या गाठीतून दोनच प्रतिध्वनी आले, अलीकडच्या भिंतीवरून एक आणि पलीकडच्या भिंतीवरून एक. मधे शांतता, कारण पाण्यात आवाज जवळजवळ जिरत नाही आणि त्याला उलटायला काही नसतं. घट्ट गाठीतून मात्र लहान लहान प्रतिध्वनी येत राहिले आणि खोलीबरोबर मंदावत गेले. गाठ कापायची गरज उरली नाही. आवाज कुठे उलटला आणि कुठे जिरला, एवढ्यावरून पाणी की मांस, ते सांगता येत होतं.

पुढे टॉम ब्राऊन नावाचा तरुण इंजिनिअर, जो अशीच यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता, त्याला या प्रयोगांची कुणकुण लागली. त्याने आपणहून डोनाल्डना फोन केला आणि नंतर रुग्णाच्या पोटावरून फिरवता येईल असं यंत्र बांधलं. या कामावर 1958 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो निबंध आला, त्यावर डोनाल्ड, डॉ. जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन अशी तिघांची नावं आहेत. माझं ठाम मत आहे की वैद्यकाचा इतिहास सांगताना इंजिनिअरांची नावं गाळणं हा अन्याय आहे. असो.

त्याच काळात एका बाईंना डोनाल्डांकडे आणलं. पोट प्रचंड फुगलेलं. जठराचा कर्करोग, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, असं निदान झालेलं. पोटात पाणी झालंय, अशीच समजूत होती. तसं असतं तर त्या पाण्यात आतडी तरंगताना दिसली असती आणि त्यांतल्या वायूवरून आवाज उलटला असता. पण यंत्राने दाखवली स्वतःच्या भिंतीची, पाण्याने भरलेली एकसंध गाठ. ती बीजांडकोशाची निघाली. शस्त्रक्रियेने काढली आणि बाई बऱ्या झाल्या. त्यानंतर या यंत्राकडे हसून पाहणारेही गंभीर झाले.

आजच्या यंत्रातही तीच दोन सूत्रं आहेत, जिरणं आणि उलटणं. खोलातून उशिरा आलेला प्रतिध्वनी अशक्त असणार हे गृहीत धरून यंत्र तो वाढवून दाखवतं. मधे पाण्याची गाठ असली की वाटेत काही जिरलेलंच नसतं, तरी यंत्र वाढवतं, म्हणून गाठीमागचा भाग उजळ दिसतो. पित्ताचा खडा असला की आवाज तिथेच उलटतो आणि जिरतो, मागे काळी सावली पडते. खडा ओळखायला डॉक्टर सावलीही पाहतात.

मऊ ऊतीतून जाताना वाटेत हवा आली की 99 टक्क्यांहून अधिक आवाज उलटतो. तपासताना कातडीवर लावतात ते जेल त्यासाठीच. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतात ते यंत्राचं टोक, आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी आत काही शिरत नाही. जेल आधी कोमट करून घ्यावं, एवढी कळकळ प्रत्येक तपासणी केंद्राने दाखवायला हवी. गार जेलने माणूस दचकतो, पोट आवळतो. फुप्फुसाच्या आत सोनोग्राफी सहसा का बघू शकत नाही, तेही हवेमुळेच.

आणि ओटीपोटाच्या तपासणीला जाताना भरपूर पाणी पिऊन या असं सांगतात, तेव्हा कंटाळू नका. भरलेलं मूत्राशय वायू असलेल्या आतड्यांना बाजूला सारतं. आवाज त्या पाण्यातून फारसा न जिरता मागच्या गर्भाशयापर्यंत पोचतो. लघवीची कळ असह्य झाली तर तिथल्या डॉक्टरांना लगेच सांगा, थोडी करून आलात तरी बहुतेक वेळा काम भागतं.