दाबोळीच्या सड्यावरची एअरलाइन

नमस्कार मंडळी. आपल्यातले निम्मे जण सुट्टीत गोव्याला जातात, आता मोपाचा नवा विमानतळ झालाय तरी बरेच जण अजून दाबोळीलाच उतरतात, पण ती धावपट्टी मुळात कशासाठी झाली हे फार कुणाला माहीत नसतं म्हणून आज हा विषय घेतला.

1954 मध्ये दादरा नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली, भारताने नाकेबंदी आवळायला घेतली. 1955 च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली, आणि हद्द पार बंद. हद्दीवरच्या कॅसलरॉक स्टेशनहून येणारी रेल्वेसुद्धा थांबली. आता गोवा इथे, दमण तिकडे गुजरातजवळ, दीव त्याहून लांब, आणि मधे सगळा भारत! या नाकेबंदीवर उपाय म्हणून पोर्तुगीज सरकारने दाबोळीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, सपाट करून विमानतळ बांधला, दमण-दीवलाही धावपट्ट्या केल्या आणि 1955 मध्येच स्वतःची छोटी एअरलाइन काढली, टीएआयपी, म्हणजे पोर्तुगीज इंडियाची हवाई वाहतूक. सुरुवातीला हेरॉन विमान, इंजिनं चार पण माणसं जेमतेम पंधरा-सतरा. नंतर वायकिंग, डीसी-4 वगैरे मोठी आली. समुद्रावरून कराची, आणि पुढे पुढे थेट लिस्बनपर्यंत सर्व्हिस गेली. कराचीत गोवेकरांची मोठी वस्ती होती, त्यांना घरी यायला ही केवढी सोय झाली असेल बघा.

मला स्वतःला वाटतं की ही कंपनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या हट्टापायीच निघाली आणि गोवा मुक्त झाला ते योग्यच झालं, यात मला अजिबात शंका नाही. पण त्या विमानात बसणारी माणसं आपलीच होती ना, म्हणून तिचा इतिहास आपण लिहून ठेवायला हवा.

शेवटचा दिवस तर अंगावर काटा आणतो. 18 डिसेंबर 1961, सकाळी आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, जागोजागी खड्डे. पण टीएआयपीचं डीसी-4 आणि लिस्बनच्या कंपनीचं एक सुपर कॉन्स्टेलेशन शाबूत राहिलं. रात्री अंधारात, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन, उरलेल्या तेवढ्याच पट्टीवरून दोन्ही विमानं उडाली आणि समुद्रावरून अगदी खालून कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त, आणि एअरलाइन संपली ती तिथेच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या काळातलं तिकीट, फोटो, सामानाचं लेबल असं काही असेल, किंवा घरातलं कुणी त्या विमानाने गेलं असेल, तर चहाच्या वेळेला मला नक्की भेटा, मी रेकॉर्डर घेऊन आलोय.