बॉक्स हिल ते नॉक्सव्हिल

(पडद्यावर: लाकडी रंगमंच. मधोमध एकच माइक. सूट-टाय घातलेले पाच वादक त्याच्याभोवती दाटीने उभे.)

माइक एक आणि माणसं पाच. ड्रम नाही, विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. मधोमध गिटार घेऊन उभे आहेत ते डेल मॅकूरी. पांढरेशुभ्र, नीट मागे वळवलेले केस हीच त्यांची ओळख. मँडोलिन थोरल्या मुलाकडे, रॉनीकडे. बँजो धाकट्या रॉबकडे. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा जेसन कार्टर आणि बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, सांभाळणारा माइक बब हे दोघं रक्ताच्या नात्यातले नाहीत, पण १९९२ पासून ते याच घरचे झाले. २००१ साली या पाच जणांनी 'डेल अँड द बॉइज' हा अल्बम काढला. नावातल्या 'बॉइज'मध्ये मुलगे आणि सहकारी असा भेद केलेला नाही.

अमेरिकेतलं हे संगीत म्हणजे ब्लूग्रास. केंटकीच्या रोझीन गावात १९११ साली जन्मलेले बिल मन्रो हे त्याचे जनक. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेली फिडलची धून, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी सोबत आणलेला बँजो, चर्चमधलं समूहगान आणि ब्लूज, हे सगळं मन्रोंनी एका मुशीत ओतलं. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण त्यांच्या ताफ्यात आला. तीन बोटांनी बँजो छेडण्याची त्याची रीत इतकी झपाट्याची होती की तिथून या संगीताचा चेहराच ठरून गेला.

तो बँजो ऐकून ज्या असंख्य पोरांनी वाद्य हातात घेतलं, त्यांत डेल होते. १९३९ चा जन्म, वाढले पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क परगण्यात. १९६३ मध्ये ते बँजोवादक म्हणून टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला मन्रोंकडे गेले. त्याच सुमारास बिल कीथ हा आणखी एक बँजोवादक तिथे पोचला होता. मन्रोंनी बँजो कीथला दिला आणि डेलच्या हाती गिटार ठेवून सांगितलं, तू गायचं. पोटात गोळा यावा असाच हा प्रसंग. पण डेलच्या वरच्या पट्टीतल्या, टोकाला किंचित फाटणाऱ्या आवाजाची खरी ओळख त्या दिवशी झाली असं मला वाटतं. मन्रोंना माणसाची पारख होती.

तिथे ते जेमतेम वर्षभर राहिले. पुढची कित्येक वर्षं पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात लाकूडतोडीचं काम आणि सुट्टीच्या दिवशी गाणं, असा क्रम चालला. संगीतावर पोट भरत नव्हतं म्हणून ते सोडलं नाही, आणि त्याच्या मागे लागून घर उघड्यावरही टाकलं नाही. मुलं मोठी झाली तसं गाणं घरातच वाढत गेलं. १९८१ मध्ये रॉनी चौदाव्या वर्षी वडिलांच्या ताफ्यात मँडोलिन वाजवू लागला. काही वर्षांनी रॉब आला, आधी बासवर आणि मग बँजोवर. १९९२ मध्ये सगळं कुटुंब नॅशव्हिलला आलं, तेव्हा डेलनी पन्नाशी ओलांडली होती.

(पडद्यावर: रॉनीच्या हातांचं जवळून दृश्य.)

आता रॉनीचा डावा हात बघा. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. उजव्या हाताने आघात होतो त्याच क्षणी डावी बोटं तारांवरचा दाब सोडतात, पण तारांना टेकूनच राहतात. सूर जन्मतो आणि तिथेच विझतो. उरतो तो नुसता 'चक्'. यालाच 'चॉप' म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चॉप. ड्रम कशाला हवा? मँडोलिन इथे तालवाद्य झालेली आहे. मन्रोंनी हाच ठेका रुजवला. १९६३ मध्ये डेल गिटारवर गात होते तेव्हा शेजारी मँडोलिनवर मन्रो असत. आता त्या जागी त्यांचा मुलगा आहे.

(पडद्यावर: पुन्हा तो माइक. वादकांची ये-जा.)

आणि ही हालचाल बघा. बँजोची पाळी आली की रॉब पुढे सरकतो, बाकीचे अर्धं पाऊल मागे घेतात. गाण्याचं कडवं आलं की डेल माइकशी येतात, ध्रुवपदाला तिघं डोकी जवळ आणतात. कुणाचा आवाज किती मोठा, हे यंत्रावरचा माणूस ठरवत नाही, वादकांची पावलं ठरवतात. आपल्याकडच्या भजनी मंडळात कधी पुढे व्हायचं आणि कधी नुसते टाळ धरायचे हे कुणी सांगावं लागत नाही, तसंच हे. वर्षानुवर्षं एका खोलीत सराव केल्याशिवाय हे येत नाही. मन्रोंच्या काळात एका माइकवर सगळे गात, कारण दुसरी सोयच नव्हती. मॅकूरी मंडळींपुढे सगळ्या सोयी हजर होत्या. तरी १९९० च्या दशकात त्यांनी मुद्दाम ही पद्धत धरली.

असा जुन्या चालीचा ताफा, आणि 'डेल अँड द बॉइज'मधलं सर्वांत गाजलेलं गाणं कुणाचं? लंडनच्या रिचर्ड थॉम्पसनचं. '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग' हे गाणं त्याने १९९१ मध्ये एकट्या गिटारवर गायलं होतं. इंग्लंडच्या स्टीव्हनेजमध्ये बनलेली मोटरसायकल, तिच्यावर जीव टाकणारा जेम्स नावाचा दरोडेखोर तरुण, लाल केसांची मॉली. त्याला गोळी लागते आणि मरता मरता तो गाडीची किल्ली मॉलीच्या हातात ठेवतो. इथे ब्लूग्रासचा संबंध काय, असा प्रश्न कट्टर रसिकाला पडू शकतो.

मला तर हे गाणं अल्बममधलं सर्वांत पारंपरिक वाटतं.

सेसिल शार्प नावाचा इंग्रज संग्राहक १९१६ ते १९१८ या काळात पूर्व अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरात फिरला. तिथल्या लोकांच्या तोंडी त्याला थेट इंग्लंड-स्कॉटलंडची कथागीतं सापडली. प्रेम, खून, दरोडा, मरणाच्या दारातला निरोप. समुद्र ओलांडून आलेल्या या गाण्यांत गायकांनी आपापली गावं घातली होती. गिरणीवाल्याने प्रेयसीचा खून केल्याचं एक जुनं इंग्रजी कथागीत इंग्लंडमध्ये 'ऑक्सफर्ड गर्ल' म्हणूनही गायलं जाई. टेनेसीत येऊन त्याची 'नॉक्सव्हिल गर्ल' झाली.

थॉम्पसनच्या गाण्यात जेम्स आणि मॉली बॉक्स हिलकडे निघतात. सरे परगण्यातली ही टेकडी मोटरसायकलवाल्यांचा जुना अड्डा. डेल गाताना बॉक्स हिल काढतात आणि नॉक्सव्हिल घालतात. एवढा एकच शब्द पुरतो. इंग्लंडचं कथागीत पुन्हा एकदा टेनेसीत येऊन पोचतं, शेदोनशे वर्षांपूर्वी पोचलं होतं त्याच वाटेने. थॉम्पसनने गिटारवर एकट्या बोटांनी उभी केलेली दौड इथे बँजो, मँडोलिन आणि फिडल वाटून घेतात. गाणं लिहून दहा वर्षं झाली होती, आणि ऐकताना वाटतं, आजोबांच्या काळापासून चालत आलंय.

इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनने २००२ मध्ये याच गाण्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. परंपरा म्हणजे जुनीच गाणी घोकणं, असं मानणाऱ्यांना डेलनी वाद न घालता दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते मला फार पटतं.

पुढचं थोडक्यात. २००३ मध्ये डेल 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या नामांकित संगीत-कार्यक्रमाचे सदस्य झाले. २००६ आणि २०१४ मध्ये ताफ्याला ग्रॅमी मिळाला. मुलांनी 'ट्रॅव्हलिंग मॅकूरीज' या नावाने वेगळा ताफा उभा केला आणि २०१९ मध्ये स्वतःचा ग्रॅमी मिळवला.

ऐकायचं असेल तर आधी थॉम्पसनचं १९९१ चं गाणं लावा, लगेच त्यामागे हे. हेडफोन असतील तर उत्तम. पहिल्यांदा गोष्ट ऐका. दुसऱ्यांदा डेलचा आवाज सोडून द्या आणि फक्त रॉनीचा 'चक्' पकडून शेवटपर्यंत जा.