किल्ली देताना

(दृश्य: कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीचा जिना. दुसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटचं दार सताड उघडं. आत सामान नाही.)

मे महिन्याचा शेवटचा शनिवार. माझी आई हातात दोन कागद आणि पेन घेऊन रिकाम्या घरातून फिरतेय. पंखे तीन, चालू. गीझर चालू. बाथरूमच्या फरशीला तडा, तो करार झाला तेव्हाही होता. तिच्याबरोबर चालणारी मुलगी जळगावची. अकरा महिने इथे राहिली, आता बंगळूरला बदली झालीय.

"काकू, हे खिळे मी ठोकलेत. भोकं बुजवून देऊ का?"

"राहू दे गं. रंग द्यायचाच आहे."

आई ६९ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका. तिच्या मालकीचं भाड्यानं द्यायचं घर हे एवढंच. दर महिन्याला येणाऱ्या भाड्यावर तिची औषधं, वीजबिल आणि बरंचसं किराणासामान चालतं. घरमालक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी गब्बर माणूस उभा राहतो. पुण्या-मुंबईतले कितीतरी घरमालक असे आहेत, एक जागा राखून असलेले, तिच्यावर म्हातारपण तोललेले.

(दृश्य: पेठेतला वाडा. दिंडीदरवाजा, चौक, लाकडी जिना. जुने कृष्णधवल फोटो.)

घर भाड्यानं देणं म्हणजे काय, हे आईनं पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या आजोळी. सदाशिव पेठेतला वाडा, त्यात सहा बिऱ्हाडं. हो, बिऱ्हाडंच. 'भाडेकरू' हा शब्द वाड्यात फारसा कुणी वापरायचं नाही, माणसं 'बिऱ्हाडकरू' असायची. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, एक तारखेला ओट्यावर बसून भाडं घ्यायची आणि पावती फाडायची. एका खोलीचं भाडं १४ रुपये. आई शाळकरी होती तेव्हा १४ आणि तिचं लग्न झालं तेव्हाही १४.

ते वाढत का नव्हतं, याचं उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत जागेची टंचाई झाली, भाडी भडकू लागली. सामान्य माणूस रस्त्यावर येऊ नये म्हणून सरकारनं भाडी गोठवली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण भाडं मानलं. त्या वेळी ते गरजेचं होतं, असं मला मनापासून वाटतं. गिरणीतला कामगार आणि कारकून यांच्या डोक्यावर छप्पर राहिलं ते या कायद्यामुळे. पण टंचाईच्या काळासाठी केलेला उपाय पन्नास वर्षं तसाच राहिला. एका पावसाळ्यात आमच्या वाड्याची मागची भिंत खचली, तेव्हा ती बांधायला सहाही बिऱ्हाडांचं कित्येक वर्षांचं भाडं पुरलं नसतं. पणजीनं बांगड्या मोडल्या. बिऱ्हाडकरू वाईट नव्हते. त्यांच्यातल्याच दोघांनी रात्रभर उभं राहून माती उपसली. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती आणि पणजीकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. दोन्ही बाजू त्याच गळक्या कौलांखाली अडकून पडल्या होत्या.

मग मालकांनी 'भाडं' हा शब्दच टाळायला सुरुवात केली. जागा भाड्यानं नाही, फक्त वापरायला दिलीय, असं कागदावर लिहायचं. लिव्ह अँड लायसन्स. १९७३ मध्ये कायदा बदलला. १ फेब्रुवारी १९७३ ला जे असे परवान्यावर राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. राहणाऱ्यांना त्यामुळे आधार मिळाला, पण मालकांच्या मनात जी धडकी बसली ती अजून गेलेली नाही. जागा दिली की गेली, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. मुंबईत आणि पुण्यात कुलूप घालून ठेवलेल्या कित्येक घरांमागे हेच वाक्य आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो लागू झाला ३१ मार्च २००० पासून.

(दृश्य: आई टेबलाशी. समोर फायलींचा गठ्ठा.)

नवा कायदा आला, तरी आईनं पहिला करार केला तो जुन्याच सवयीनं. एजंटनं शंभराच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून आणला, नोटरीचा शिक्का मारला, झालं. अकरा महिने संपले. राहणारे गृहस्थ निघेनात, वर तीन महिन्यांचं भाडं थकलं. "आपलं तर तीन वर्षांचं ठरलं होतं," असं म्हणू लागले. आई वकिलांकडे गेली तेव्हा तिला या नव्या कायद्याचं कलम ५५ कळलं. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, ते चुकीचं आहे हे सिद्ध होईपर्यंत. आई त्या रात्री जेवली नाही. तिला राग त्या माणसापेक्षा स्वतःचा जास्त आला होता.

शेवटी त्या गृहस्थांनी घर सोडलं. थकलेलं भाडं मात्र बुडालं.

तेव्हापासून ती प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवते. आता ते ऑनलाइन होतं. आधार क्रमांक, अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, सगळं घरबसल्या. खर्चही ती मला कागदावर मांडून दाखवते. समजा भाडं २०,००० आणि अनामत एक लाख. अकरा महिन्यांचं भाडं २ लाख २० हजार, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्या पैशांत काय मिळतं? मुदत संपल्यावरही कुणी जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि जादा राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते.

कागद पक्का झाला आणि आईची भीती गेली. माणसाकडे ती माणूस म्हणून बघू लागली, हा बदल मी जवळून पाहिलाय.

(दृश्य: सोसायटीचं ऑफिस. सूचनाफलक.)

जळगावच्या या मुलीला घर द्यायचं ठरलं, तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुरबुर झाली. एकटी मुलगी, कशाला नसती ब्याद. आईनं करार, ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांकडे भरलेल्या माहितीचा कागद टेबलावर ठेवला. बिनभोगवटा शुल्कही सांगितलं, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो तेव्हा सोसायटी घेते ते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासूनचा नियम आहे. सभासद गप्प बसले. मग ती म्हणाली, "माझीही मुलगी नोकरीसाठी परगावी एकटीच राहिलीय. तिला कुणीतरी घर दिलं म्हणूनच ना?" ती मुलगी म्हणजे मी.

घर भाड्यानं दिलं की स्वतः राहणाऱ्यांना पुण्यात मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत जाते. उलट आयकरात, महापालिकेचा कर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाड्यातले काही पैसे आई वेगळे ठेवते. गीझर जळला, ओल आली, की त्यातूनच खर्च. प्लंबरला फोन ती स्वतः करते, आणि त्याच दिवशी करते.

(दृश्य: पुन्हा रिकामा फ्लॅट. भिंतीवरची खिळ्यांची भोकं, सिंक.)

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती अनामतीवरून. म्हणून ही दोन पानं. राहायला येण्याच्या दिवशी दोघींनी मिळून घरभर फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढलेला, यादीवर दोघींच्या सह्या. आज तीच यादी, तोच फेरा. आईचा हिशेब साधा आहे. वापरून झिजलं ते मालकाचं, हातून मोडलं ते राहणाऱ्याचं. खिळ्यांची भोकं झिजेत जमा. सिंकचा टवका मात्र नवा आहे.

"तवा पडला होता काकू, तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

आईनं सातशे रुपये मांडले. मुलीनं मान डोलावली. अंगठे लावून करार रीतसर रद्द झाला होताच. उरलेली अनामत आईनं तिथेच उभ्या उभ्या तिच्या खात्यात टाकली.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. वाड्यात पणजी कुठल्याही बिऱ्हाडात न विचारता शिरायची. घर तिचं होतं ना. आज कायदा मालकाला घर बघायचा हक्क देतो, पण आधी कळवून, योग्य वेळी. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ नं मनाई आहे. आई एवढ्यावर थांबत नाही. ती एकही किल्ली स्वतःकडे ठेवत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. जिन्यात खोकी, एक सायकल, गादीची गुंडाळी.)

नवी माणसं आली. लातूरचं जोडपं, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. आईनं मीटरचं रीडिंग दाखवलं, त्याचा फोटो काढायला लावला. "स्वयंपाकघरातला नळ जरा घट्ट फिरवावा लागतो," म्हणाली. तिन्ही किल्ल्या त्या सुनबाईच्या हातात दिल्या आणि आम्ही जिना उतरलो.

खाली फाटकापाशी तिनं पर्स चाचपली. चष्मा वरच राहिला होता, खिडकीच्या कट्ट्यावर.

आम्ही परत दोन मजले चढलो. दार नुसतंच लोटलेलं होतं, आतून बाळाचं हसणं ऐकू येत होतं. आईनं केस नीट केले आणि बेल वाजवली.