कमी खर्चातला संगणक : यादीची सुरुवात एसएमपीएसपासून

नमस्कार. माझ्यासमोर टेबलावर दोन एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारे डबे, ठेवलेले आहेत. दोन्हींच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट असेच छापलेले आहे. तरीही एक हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो आणि दुसरा उचलताना मनगटाला ओझे जाणवते. यांच्या कडेला चिकटवलेला तक्ता मी आता कॅमेऱ्याजवळ धरतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत तेवढेच पाहावे, कारण आजच्या संगणकात जे भाग खरोखर वीज खातात, म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पंखे, ते सगळे याच १२ व्होल्टवर चालतात. हलक्या डब्यावर १६ अँपिअर लिहिले आहेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. जड डब्यावर ३६ अँपिअर आहेत, म्हणजे ४३२ वॉट. बाहेरचा आकडा एकच असला तरी आतला माल निम्म्याहून कमी आहे, आणि हे त्या हलक्या डब्याच्या उत्पादकाने स्वतःच बारीक अक्षरांत लिहून ठेवलेले आहे.

कमी पैशांत संगणक जोडायचा म्हटले की बहुतेकांची यादी प्रोसेसरपासून सुरू होते, आणि पैसे संपत आले की कॅबिनेटसोबत मिळणारा एसएमपीएस मुकाट्याने घेतला जातो. मी परभणीत राहतो, आणि इथे बसून मला हा क्रम उलटा करावासा वाटतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की आपला पंखा रेंगाळतो, पावसाळ्यात डीपीचा फ्यूज उडतो, लाइट गेली की आली आणि आली की पुन्हा गेली असा खेळ दिवसातून चार वेळा होतो. हा सगळा मार पहिल्यांदा ज्या डब्यावर बसतो तो डबा सगळ्यांत स्वस्त घ्यायचा, हा हिशेब मला कधी पटलेला नाही.

माझा पहिला असेंबल्ड संगणक याच हिशेबाने घेतलेला होता. त्याच्या एसएमपीएसवर मागच्या बाजूला ११५ आणि २३० असे लिहिलेला एक लाल सरकता खटका होता. माझ्या चुलतभावाने “हे काय असतं?” असे विचारत स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो ११५ कडे सरकवला, आणि मी ते न पाहताच बटण दाबले. फट्ट असा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला. नशिबाने मदरबोर्ड वाचला. ज्या एसएमपीएसवर ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून वीज एकसारखी ओढणारे सर्किट, असते त्यावर असा खटका नसतोच. मात्र अशा प्रत्येक डब्याची इनपुटची मर्यादा सारखी नसते, म्हणून तक्त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे ना, ते पाहून घ्यावे. तसे असेल तर तो डबा पडलेले व्होल्टेज कुरकुर न करता सोसतो. त्यावर ८० प्लस ब्राँझचे चिन्ह असावे. त्याचा अर्थ निम्म्या भारावर तो भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के वीज संगणकाला पोचवतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. आपल्या उपयोगासाठी ४५० वॉटचा असा एक डबा पुरेसा आहे. ७५० वॉटचा घ्या म्हणणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नकार द्यावा.

एसएमपीएस चांगला घेतला तरी अर्थिंगचा प्रश्न वेगळा उरतो. संगणकाच्या पत्र्याला उघड्या पायांनी हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हा अनुभव आपल्याकडे इतका सवयीचा झाला आहे की त्यावर उपाय म्हणून लोक चप्पल घालून बसतात. झिणझिण्या येण्याचे कारण असे की एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि त्यांचा सांधा पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंगची तार जमिनीपर्यंत पोचत नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण यूएसबीच्या पोर्टांना आणि लॅनच्या जोडणीला तो सोसेलच असे नाही. वायरमनला बोलावून प्लगमधल्या वरच्या मोठ्या भोकापासून तार खरोखर जमिनीत गेली आहे का, हे एकदा तपासून घ्यावे. हा खर्च संगणकाच्या यादीतच धरावा, असे माझे मत आहे.

इन्व्हर्टरविषयीही थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर असतो आणि तरीही लाइट गेली की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. वीज तुटल्यावर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरांत साठलेल्या विजेवर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरू शकतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलला तर संगणकाला काही कळतही नाही. पुष्कळ इन्व्हर्टरांवर यूपीएस आणि इको अशा दोन अवस्थांचा खटका असतो. इको अवस्थेत अदलाबदलीला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, यूपीएस अवस्थेत तो बराच कमी असतो. म्हणून नवा यूपीएस घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागे डोकावून पाहावे. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच लहर देणारा, असेल आणि खटका यूपीएसकडे केल्यावर संगणक तग धरत असेल, तर ते पैसे वाचले. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्यावा. त्यात बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. संगणक आणि मॉनिटर मिळून १५० वॉट ओढत असतील तर हाती दहा-पंधरा मिनिटे येतात. काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला तेवढी पुरतात.

आता प्रोसेसर. माझ्या भाचीला लातूरला डिप्लोमाच्या अभ्यासासाठी संगणक हवा होता आणि तिच्या यादीत कोअर आय३-१२१००एफ हे नाव होते, कारण ते शंभर-दोनशे रुपयांचा नव्हे तर चांगलाच फरक दाखवून स्वस्त पडत होते. त्या शेवटच्या एफचा अर्थ असा की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता हा प्रोसेसर बसवला तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर काळाच राहतो. एएमडी कंपनीच्या रायझेनच्या बाजूला हीच फसगत ५५०० आणि ५६०० या आकड्यांत होते. जुन्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) त्या पिढीत आकड्यामागे जी (G) हे अक्षर असेल तरच ग्राफिक्स आत असते. ग्राफिक्स कार्डाशिवाय संगणक जोडणाऱ्याने खरेदीपूर्वी हे एक अक्षर मोठ्याने वाचावे.

माझ्या मते आपल्या अंदाजपत्रकात खरी निवड दोन प्रोसेसरांत आहे. २०२२ च्या जानेवारीत आलेला आय३-१२१०० हा चार कोअर आणि आठ थ्रेडचा आहे, म्हणजे आत काम करणारे भाग चार आणि एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा आठ. एकेका कोअरचा वेग चांगला असल्याने टायपिंग, एक्सेल, हिशेब, ऑनलाइन अर्ज, ब्राउझरमध्ये उघडलेल्या वीस-पंचवीस टॅब ही कामे तो अगदी चटपटीत करतो, आणि मोबाइलवर काढलेले व्हिडिओ उलगडण्याची सोयही त्याच्या ग्राफिक्समध्ये आहे. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला किंवा दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सांगेन. दुसरा २०२१ मधला रायझेन ५ ५६००जी. त्यात सहा कोअर, बारा थ्रेड आणि व्हेगा ग्राफिक्स आहे. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला जादा कोअर उपयोगी पडतात आणि संध्याकाळी एखादा हलका गेम खेळायचा झाला तर त्याचे ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा बरेच पुढे आहे. त्याच्यावर ६५ वॉट लिहिलेले असते, पण पूर्ण जोरात तो ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. भाचीने शेवटी हाच घेतला. पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड बसवायचे नक्की असेल तर मात्र ५६००जीचा विचार सोडावा, कारण ग्राफिक्स कार्डाशी जोडणारा त्याचा मार्ग पीसीआय एक्स्प्रेस ३.० या जुन्या, हळू पिढीवरच थांबलेला आहे.

रॅमच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे : १६ जीबी हवी असेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, १६ ची एक घेऊ नये. डीडीआर४-३२०० ची, म्हणजे डीडीआर४ पिढीची आणि ३२०० वेगाची, एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते आणि दोन पट्ट्या वेगवेगळ्या चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटांवर, बसल्या तर हीच क्षमता ५१.२ जीबी होते. एका बैलावरही औत चालते, पण दिवस मावळायच्या आत रान होत नाही. आत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरला ही गोष्ट जास्त बोचते, कारण त्याच्याकडे स्वतःची मेमरी नसते आणि चित्र काढण्यासाठीही तो याच रॅममधून घेतो. ५६००जीला एकच पट्टी देणे म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच अर्धे करून ठेवणे आहे. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे सध्या ८ जीबीची एकच पट्टी घेऊन भागवण्याचा मोह होतो. आय३ वर कार्यालयीन काम असेल तर काही महिने तसे भागवता येईल. भाव इतके हलते असताना मी या व्हिडिओत रुपयांचा आकडा मुद्दामच सांगत नाही.

मदरबोर्डावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. रायझेनसाठी ए५२० आणि इंटेलसाठी डीडीआर४ चा एच६१० पुरतो, त्यावर साठवणुकीची पट्टी बसवायचा एम.२ चा स्लॉट आहे, रॅमच्या निदान दोन जागा आहेत आणि आपल्या मॉनिटरला लागणारा एचडीएमआय पोर्ट आहे, एवढे पाहावे. जुना बी४५० बोर्ड स्वस्तात मिळत असेल तर त्याचे बायोस, म्हणजे बोर्डाचे सुरुवातीचे सॉफ्टवेअर, रायझेन ५०००च्या मालिकेसाठी अद्ययावत केलेले आहे का, हे दुकानदाराकडून आधीच वदवून घ्यावे. या स्वस्त बोर्डांवर वायफाय बहुधा नसते, म्हणून लॅनची तार किंवा यूएसबीचा वायफाय डोंगल यादीत धरावा.

साठवणुकीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे त्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी, फिरता भाग नसलेली पट्टी, घ्यावी. तारेने जोडायची सॅटाची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. रोजच्या कामात हा फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण एनव्हीएमईला वेगळ्या तारा लागत नाहीत आणि कॅबिनेट मोकळे राहते. फिरती हार्ड डिस्क आता फक्त फोटो आणि व्हिडिओ साठवायला.

कॅबिनेटच्या बाबतीत समोरची काच आणि रंगीत दिवे यांच्यावर जाऊ नये. समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट घ्यावे आणि जाळीमागे काढून धुता येईल असा धुळीचा फिल्टर असावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो, आणि खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही साधारण तेवढेच वाढते, कारण पंखा हवा थंड करत नाही, असलेलीच हवा पुढे ढकलतो. काळ्या मातीची बारीक धूळ कूलरच्या पात्यांमध्ये घट्ट बसते. ब्लोअरने ती उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर हवेच्या झोताने ते भन्नाट फिरते आणि त्याचे बेअरिंग खराब होते.

मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस यांचे पैसे आधीच बाजूला काढून उरलेल्या रकमेची यादी करावी. २२ ते २४ इंचांचा, फुल एचडी आणि आयपीएस (कडेनेही रंग नीट दिसणाऱ्या) पॅनेलचा मॉनिटर पुढच्या दोन संगणकांनाही पुरतो, म्हणून तिथे थोडे जास्त गेले तरी मला वाईट वाटत नाही.

सगळेच हाताबाहेर जात असेल तर कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले जुने संगणक पाहता येतील. विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीचा सपोर्ट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा आय५ कितीही स्वस्त सांगितला तरी थांबावे. आठव्या पिढीतला सहा कोअरचा आय५-८५०० मात्र चांगला सौदा आहे. अशा संगणकांचा एसएमपीएस पुष्कळदा त्या कंपनीच्या वेगळ्याच मापाचा असतो आणि गेला तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही.

खरेदी ऑनलाइन असो की दुकानातून, बिल जीएसटीचे घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा; ऑनलाइन मागवलेले खोके फोडताना मोबाइल सुरू ठेवून चित्रण करावे.

जोडणी झाल्यावर झाकण लगेच लावू नये. संगणक सुरू करून डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये जावे आणि तिथे दोन्ही पट्ट्या मिळून १६ जीबी दिसते आहे का, हे पाहावे. वेगाच्या रकान्यात बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ असते, कारण पट्टीवर छापलेला वेग पुष्कळदा आपोआप लागू होत नाही. तो छापील वेग लागू करणारा एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचा पर्याय शोधून सुरू करावा, बदल जतन करून पुन्हा तिथेच यावे, आणि ३२०० दिसल्यावर मग स्क्रू हातात घ्यावेत.